न येणाऱ्या बाईचा दिवा

आमचे हे जमिनीखाली काम करतात असं सांगितलं की लोक विचारतात, खाणीत का? खाणीत नाही हो. औषधांचं एक मोठं गोदाम आहे, त्याच्या तळघरात. वर थंड खोल्यांमध्ये लशी, इन्सुलिन, असलं सगळं नाजूक सामान, आणि खाली एका बिनखिडकीच्या खोलीत हे आणि यांचे सर्व्हर. साऱ्या इमारतीचा कारभार एकच सॉफ्टवेअर बघतं: कुठल्या खोलीत किती थंडावा, कुठलं दार कुणाच्या कार्डानं उघडायचं, दिवे कधी लावायचे, उद्या कोण पाहुणा येणार. गोदामानं ते एका बड्या कंपनीकडून घेतलंय आणि ते नीट चालतंय ना हे बघणं यांचं काम. यांचा हुद्दा लांबलचक आहे. मी राखणदार म्हणते, आणि यांनाही ते आवडतं.

राखणदारी अंगातच आहे. घरातून निघताना कुलूप लावायचं, ओढून बघायचं, जिना उतरायचा, परत वर यायचं, पुन्हा ओढून बघायचं. शेजारी हसतात. गॅस बंद केलास का म्हणून मला विचारतील, मी हो म्हटलं की स्वतः जाऊन बघतील. लग्नानंतरची काही वर्षं मी यावरून भांडले, मग नाद सोडला. जित्याची खोड. अशा माणसानं कामावरचं एक दार जाणूनबुजून उघडं ठेवलं, आणि तेही माझ्यापायी. म्हणून हे लिहायला बसले.

यांचं बोलणं म्हणाल, तर ते नाहीच. कशालाही उत्तर एकच, हं. त्या हंचे प्रकार आहेत म्हणा. पसंतीचा हं, नापसंतीचा हं, भूक लागल्याचा हं, मला सगळे ओळखता येतात. माझ्या तोंडाला मात्र कधी कुलूप माहीत नव्हतं. कापडाच्या दुकानात काउंटरवर उभं राहून जन्म गेला. नुसतं ऊन लागतंय म्हणून आत शिरलेल्या माणसालाही पडद्याचं कापड बांधून दिलंय मी. घरी आले की दिवसभराचं सगळं यांच्या कानावर घालायची आणि हे जेवता जेवता ऐकायचे. बोलणं दोघांना पुरेल एवढं होतं, फक्त ते सगळं माझ्या वाट्याला आलं होतं.

मग घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, तिच्याबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. जीव वाचला हे महत्त्वाचं, असं जो तो मला येऊन सांगायचा, जसं काही मला ते कळतच नव्हतं. यांनी बाजारातून एक पाटी आणून दिली. दुकान सुटलं. मुका सेल्समन कोण ठेवणार?

दवाखान्यातून आल्यावर एकदा दुपारी मी सवयीनं यांना फोन लावला. गोदामात मोबाइल नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. बाहेरचा फोन गेटवरच्या वॉचमनकडे येतो आणि तो माणसाला आतून गेटवर बोलावून घेतो. तो म्हणाला, "हॅलो, कोण पाहिजे?" मी तोंड उघडलं आणि मग आठवलं. तो दोनतीनदा हॅलो म्हणाला. "बोलायचंच नाही तर फोन कशाला करता?" म्हणाला आणि ठेवून दिला. त्याचं काय चुकलं? काहीच नाही. पण मला ते असं लागलं की पुन्हा फोनला हात लावायचा नाही असं मी ठरवलं. संध्याकाळी पाटीवर यांनाही लिहून दाखवलं, माझ्या आवाजाचं कामावर कुणाला सांगायचं नाही. मला कुणाची कीव नको होती. हे म्हणाले, "हं."

त्यानंतर मी बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायची.

त्याच सुमाराला यांना त्या सॉफ्टवेअरमध्ये एक भोक सापडलं. गोदामात कुणाला भेटायला यायचं असेल तर घरूनच इंटरनेटवरच्या एका पानावर नाव लिहून कळवायचं असतं. कुणा पाहुण्यानं नावाच्या जागी चुकून कुठलातरी भलताच मजकूर चिकटवला, आणि तळघरातला एक दिवा आपोआप विझला. दुसरा कुणी असता तर बल्ब बदलून मोकळा झाला असता. यांनी दिवसभर खणलं. मग मला समजावून सांगितलं, म्हणजे यांच्या पद्धतीनं, तुकड्यातुकड्यानं. नावाच्या चौकटीत नाव लिहिलं तर सॉफ्टवेअर ते नाव म्हणून ठेवतं. पण ठरावीक खुणा टाकून तिथे हुकूम लिहिला, तर ते हुकूम म्हणून पाळतं.

मी पाटीवर लिहिलं, "म्हणजे रस्त्यावरच्या कुणीही दाराच्या फटीतून चिठ्ठी सरकवायची, आणि घरातल्यांनी त्यात लिहिलंय ते निमूटपणे करायचं?"

"हं," हे म्हणाले. तो कौतुकाचा हं होता.

यांनी सॉफ्टवेअरच्या कंपनीला कळवलं. तुमची तक्रार मिळाली, आभारी आहोत, असं उत्तर आलं आणि पुढे सगळी सामसूम. खरं तर तेव्हाच ते पान बंद करायला हवं होतं, वरच्या मॅडमना सांगायला हवं होतं. हे सांगणारही होते. पण एका संध्याकाळी आले, माझ्या पाठीकडे बघत बराच वेळ पलंगाशी उभे राहिले आणि म्हणाले, "उद्या दुपारी एक गंमत कर."

गंमत अशी, की पाहुण्यांच्या पानावर नावाच्या जागी यांनी दिलेली ओळ लिहायची. आधी एक साधं बाईचं नाव, मग एक कंस, मग मुंग्या चालल्यासारखी टिंबं आणि रेघा. बटण दाबलं की यांच्या टेबलावरचा तेवढा एकच दिवा क्षणभर मंद होणार आणि पुन्हा उजळणार. एकदा मंद झाला तर जेवलात का. दोनदा झाला तर येताना काहीतरी आणा. काय ते घरी आल्यावर कळायचं आणि हे पुन्हा पिशवी घेऊन खाली उतरायचे. तीनदा म्हणजे लवकर या. भांडणासाठी खूण ठेवली नव्हती, त्यासाठी घर होतं.

काय सांगू त्या दुपारी. खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत पलंगाच्या पायाशी आलं की मी कॉम्प्युटर उघडायची. ती ओळ लिहायची, बटण दाबायची आणि डोळे मिटून पडायची. मग मला माझी हाक जाताना दिसायची. आमचा जिना उतरून, चपला शिवणाऱ्याच्या टपरीमागून, पुलाखालच्या सावलीतून, गेटवर वॉचमनच्या पायांशेजारून त्याला पत्ता लागू न देता. मग तो लांबच लांब कॉरिडॉर. दोन्ही बाजूंच्या थंड खोल्यांत पांढऱ्या पेट्या थरावर थर लावून निजलेल्या. मग जिना, तळघर, यांचं टेबल. दिवा मंद व्हायचा आणि हे मान वर करायचे. मला इथून काही दिसत नव्हतं हे मलाही कळतं. पण अर्धवट झोपेत यांचं टक्कल दिसायचं, त्यावरचा उजेड कमी होऊन परत वाढलेला, आणि मी तिथेच उभी आहे असं वाटायचं.

कधी डोळा लागायचा. स्वप्नात ते तळघर कोमट पाण्यानं भरलेलं असायचं, सर्व्हरचे हिरवे दिवे पाण्यात हलायचे, आणि मी खाली खाली जात बोलत सुटलेली असायची. माझ्याच आवाजात. काय बोलायची ते जागं झाल्यावर आठवायचं नाही. हे हं म्हणाले होते एवढं आठवायचं.

मी भिंतीकडे तोंड करून पडणं सोडलं. केस नीट विंचरायला लागले. वर राहणाऱ्या निवृत्त मास्तरांच्या बायकोला पडदे बेतून दिले. एकदा हे घरी आले ते चक्क एक अख्खं वाक्य घेऊन. वॉचमननं यांना म्हणे विचारलं होतं, "साहेब, ही कोण बाई आहे? रोज येणार म्हणून लिहिते आणि कधी येतच नाही. आम्ही तिचं नाव न येणारी बाई ठेवलंय." मी इतकी हसले. माझ्या हसण्याला आता आवाज नाही, नुसते खांदे हलतात. हेही हसले.

असं वर्षभर चाललं. आणि मग एका संध्याकाळी हे आले, हात धुतले, टॉवेल घेतला आणि म्हणाले, "आज फार जोरात बोललीस."

मी पाटी ओढली. "आज बोललेच नाही. दुपारभर झोपले होते."

हे टॉवेल हातात धरून तसेच उभे. "सगळे दिवे मंद झाले. अख्ख्या तळघराचे. मला वाटलं, रागावलीस."

आमच्या दोघांच्या त्या फटीत तिसऱ्याच कुणाचा हात होता.

यांनी बूट पुन्हा पायात घातले. नाडी बांधता बांधता सांगितलं. चोर आधी काही चोरत नाही. आधी यंत्राला नुसतं म्हणतो, जरा थांब. थांबलं, तर त्याला कळतं की हे आपलं ऐकतंय. यंत्र थांबलं म्हणून दिवे मंदावले. आज थांब म्हणाला, उद्या म्हणेल थंडावा बंद कर. इन्सुलिन एकदा तापलं की गेलं, आणि बाटलीकडे बघून ते कुणालाही कळत नाही. "ते पान आत्ताच तोडून येतो," हे म्हणाले.

मला आधी औषधांची काळजी वाटली असं लिहिलं तर बरं दिसेल. पण नाही वाटली. मला वाटलं, माझा दिवा गेला. मी यांच्या वाटेत पाटी धरली. "बाकीच्यांना बंद करा. मला ठेवा."

यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. "तसं होत नाही गं. भोक ते भोक. त्याला माणसं ओळखता येत नाहीत."

मी पाटी पालथी टाकली.

मुक्या बाईनं अबोला धरला तर समोरच्याला कळणार कसं? आमच्याकडे तो असा कळतो, पाटी पालथी. हे गेले, पान तोडून परत आले, जेवले. मी वाढलं आणि पाटी तशीच. सकाळी उठले तरी पाटी तशीच.

त्या दिवशी कंपनीची जाहीर सूचना आली. इतके दिवस गप्प बसलेल्या कंपनीला एकदम कंठ फुटला: सॉफ्टवेअरमध्ये अत्यंत गंभीर दोष सापडला आहे, जगात कुठेही बसलेला माणूस आत शिरून हवं ते करवू शकतो, सगळी कामं बाजूला ठेवा आणि ही दुरुस्ती ताबडतोब बसवा. हे संध्याकाळी नेहमीपेक्षा लवकर घरी आले आणि माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसले.

"दुरुस्ती उद्या सुट्टीच्या दिवशी करतोय," म्हणाले. "मॅडम विचारणार, तुम्हाला आधी माहीत होतं का. खोटं बोलणार नाही. पण का गप्प बसलो ते सांगायचं तर तुझं सांगावं लागेल."

मी खिडकीकडे बघत बसले.

"कुलूप मी रोज दोनदा ओढून बघतो," हे म्हणाले. "हे मला रोज दिसत होतं. रोज वाटायचं, आज तिला एकदा बोलू दे, उद्या बंद करू." मग डोळे पुसून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू नाही म्हणालीस तर नुसतं, माझं चुकलं म्हणेन. कारण सांगणार नाही."

वरून मास्तरांच्या काठीचा आवाज येत होता, जेवणाआधीच्या फेऱ्या. जेवणाआधी ते पोटात सुई टोचून घेतात, रोज, वर्षानुवर्षं. ती बाटली कुठून येते याचा मी आजवर कधी विचार केला नव्हता. माझा राग काही गेला नाही, पण मला माझीच लाज वाटली. मी पाटी उलटली आणि लिहिलं, "सांगा." मग खाली आणखी लिहिलं, "खरं तेच सांगा. रडू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी उन्हात पडून होते आणि तिकडे दुरुस्ती चालली होती. पुढचं सगळं यांनी मला नंतर सांगितलं, आणि मी ते त्या दुपारीच पाहिल्यासारखं मला आठवतं. प्रत्येक थंड खोलीत एकेक माणूस कोट घालून थर्मामीटर धरून उभा. खाली यांनी सगळ्याची नक्कल काढून वेगळी ठेवली, दुरुस्ती आधी एका जादाच्या यंत्रावर चालवून बघितली आणि मग खऱ्या यंत्रावर बसवली. यंत्र बंद करून पुन्हा चालू करायचं होतं. तेवढा वेळ इमारतीचं डोकं झोपलेलं, दारं नुसती दारं झालेली, आणि वरची माणसं तोंडातून वाफ सोडत पाऱ्याकडे बघतायत. मग एकेक हिरवा दिवा लागत गेला. पारा कुठेच हलला नव्हता.

मग पासवर्ड बदलले. आत कोण येऊन गेलं ते शोधलं. थांब म्हणणारा नुसता दार वाजवून गेला होता, उंबरा ओलांडायच्या आतच पान तुटलं होतं. शेवटी तपासायचं राहिलं, भोक खरंच बुजलं का. त्यासाठी पाहुण्यांचं पान जोडून तिथे काहीतरी हुकूम लिहून बघायला हवा. मॅडम मागे उभ्या होत्या. यांनी नावाच्या जागी माझी ओळ लिहिली. नाव, कंस, मुंग्या. बटण दाबलं आणि मान वर करून दिव्याकडे बघत राहिले.

दिवा हलला नाही. म्हणजे काम फत्ते झालं.

मॅडमना यांनी तिथेच सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. यांच्या किल्ल्या काढून घेतल्या, पुढचं वर्षभर यांच्या प्रत्येक कामावर दुसऱ्या कुणाची सही लागेल असं ठरवलं. राखणदारावर राखणदार. जाताना एवढंच म्हणाल्या म्हणे, "बायकोचं आधी सांगितलं असतंत तर टेबलावर एक फोन ठेवायला आम्ही नाही म्हटलं असतं का?" हे ऐकून मला मॅडमचा नाही, माझाच राग आला. मानापायी सगळं झाकून ठेवलं आणि झाकता झाकता गोदाम उघडं टाकलं.

पुढचे दिवस वाईट गेले. ऊन पलंगापाशी यायचं आणि मला काही करायचं नसायचं. हाक जायची ती जिन्यापर्यंतच. स्वप्नातलं तळघर कोरडं पडलं होतं. पाटीवर मी कामापुरतं लिहायची, मीठ संपलंय, बिल भरा. हे वाचायचे आणि तिथेच उभे राहायचे.

एका सकाळी बूट घालताना म्हणाले, "आज दुपारी फोन कर."

मी लिहिलं, "कुणाशी बोलू? वॉचमनशी?"

"हं," म्हणाले, कुलूप ओढायची सवय म्हणून कडी ओढून बघितली आणि गेले. हा कुठला हं ते मला ओळखता आलं नाही.

मी करणार नव्हते. दुपारचं ताट वाढून घेतलं आणि तसंच झाकून ठेवलं. ऊन पलंगाशी आलं, तिथून भिंतीवर चढायला लागलं. शेवटी मी फोन उचलला.

"हॅलो, कोण पाहिजे?" तोच वॉचमन. मी गप्प. काय करणार. आता ठेवणार, असं मला वाटलं. मग तो एकदम हळू आवाजात म्हणाला, "जोडतो हं, वहिनी. साहेब वाट बघतायत."

खट असा आवाज झाला, मग यांच्या टेबलावरच्या नव्या फोनातून यंत्रांची घरघर ऐकू आली. इतके दिवस मी तिथे जात होते पण ती ऐकली नव्हती. मग मी फोनवर नखानं एकदा टकटक केलं.

"जेवलो," हे म्हणाले.

मला वाटलं, झालं, यांचं बोलणं संपलं. पण हे घसा खाकरले आणि सांगायला लागले. दिवा आता एकसारखा जळतो, बरं वाटत नाही. वरच्या एका खोलीचं दार कुरकुरतं. नवा सहीवाला बरा आहे, पण फार बोलतो. एकामागून एक, अडखळत, माझ्यासारखं सगळं कानावर घालत होते. मी रिसीव्हर कानाशी धरून पलंगावर आडवी झाले. डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसलं नाही.

मग हे थांबले. "तू जेवलीस का?" म्हणाले.

दिवा एकाच बाजूनं बोलायचा, त्यामुळे हे विचारायची यांच्यावर कधी वेळच आली नव्हती. त्याआधी मी विचारू दिलं नव्हतं. मी झाकलेल्या ताटाकडे बघितलं आणि एकदा टकटक केलं.

"खोटं बोलू नकोस," हे म्हणाले. "जा, जेवून घे. फोन ठेवू नको, मी इथेच आहे."